हात वर गेला की जॅकेट काय करतं: नेमबाजीला आणि भटकंतीला एकच वॉटरप्रूफ

नेमबाजीसाठी शिवलेलं जॅकेट लांबच्या चालीत अंगावर ओझं होतं. डोंगरवाटांसाठी शिवलेलं हलकं जॅकेट बंदूक खांद्याला लावताना नेमकं आडवं येतं. दोन्हीकडे चालेल असं एकच जॅकेट मिळतं, पण ते लेबलावरचे आकडे वाचून सापडत नाही. चांगल्या जॅकेटच्या कापडातून पाणी आत येणं आता दुर्मीळ झालंय. पाणी येतं ते बाहीच्या तोंडातून, गळ्यातून, चेनमधून, खांद्याच्या शिवणीतून, नाहीतर खालच्या काठाचं अस्तर ते चोखून वर चढवतं. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं की या सगळ्या जागा झाकलेल्या दिसतात. हात वर गेला की त्या उघड्या पडतात, आणि बंदूक चालवणाऱ्याचे हात दर दोन मिनिटांनी वर जातात.

इथे नेमबाजी म्हणजे उघड्यावरची शॉटगन नेमबाजी. हवेत फेकलेली मातीची चकती, म्हणजे क्ले, छर्ऱ्यांच्या बंदुकीने टिपायची; ट्रॅप, स्कीट, स्पोर्टिंग हे तिचे प्रकार. रायफल नेमबाजांचं चामड्याचं आणि कॅनव्हासचं ताठ जॅकेट ही वेगळीच वस्तू आहे. त्याचं काम शरीर स्थिर धरण्याचं, पावसाशी त्याचा काही संबंध नाही.

आकडा किती, आणि कशाचा

लेबलावर १०,०००, १५,००० किंवा २०,००० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला, तर किती उंचीपर्यंत पाणी पलीकडे झिरपत नाही, याचा तो आकडा. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे १० मीटर पाणी, म्हणजेच १०,००० मिमी. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं गणित आपणच करू शकतो.

सव्वातीन किलोची बंदूक तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्याने खांद्याला अडकवली आणि पट्टा दहा सेंटिमीटर लांबीपर्यंत खांद्याला टेकला, तर ३० चौरस सेंटिमीटरवर सव्वातीन किलो पडतात. हे झालं सुमारे १,१०० मिमी. पाठीवरच्या आठ किलोच्या सॅकचे पट्टे रुंद असतात, त्यामुळे तिथे दाब याहून कमीच. ओल्या कठड्यावर कोपर टेकवून अंगाचा दहा किलो भार दिला, आणि कोपराचं टोक जेमतेम दहा चौरस सेंटिमीटर टेकलं, तर मात्र थेट १०,००० मिमी. म्हणजे खांद्याला १०,०००चं कापड भरपूर झालं, कोपराला ते काठावर पास होतं.

मग १५,००० किंवा २०,००० कशाला घ्यायचं? कारण आकडा बहुतेक वेळा कोऱ्या कापडाचा असतो. पट्ट्याच्या घासण्याने, धुण्याने, घडीवर घडी पडून तो उतरत जातो, आणि वरचा आकडा हे त्या झिजेसाठी ठेवलेलं शिल्लक भांडवल असतं. पावसात काम करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी ईएन ३४३ हे युरोपीय मानक आहे. त्यात वरच्या वर्गांसाठी कापड आधी घासतात, धुतात, पुन्हा पुन्हा दुमडतात, त्यावर इंधन आणि तेल लावतात आणि मगच पाण्याचा दाब देतात. एवढं केल्यावर तिसऱ्या वर्गाला लागतो १३,००० पास्कल दाब, म्हणजे फक्त १,३०० मिमी. चौथ्याला २०,००० पास्कल, म्हणजे साधारण २,००० मिमी. कोऱ्या कापडाच्या २०,००० मिमीपेक्षा छळ सोसून उरलेल्या २,००० मिमीवर माझा जास्त विश्वास आहे. या मानकाच्या खुणेत खाली ‘आर’ अक्षर दिसलं तर शिवून तयार झालेलं अख्खं जॅकेट कृत्रिम पावसाखाली तपासलेलं असतं. ‘एक्स’ असेल तर ती चाचणी झालेली नसते. नेमबाजीच्या जॅकेटवर ही खूण क्वचितच दिसते. दिसली तर नीट वाचावी.

घामाची वाफ बाहेर सोडण्याचा आकडा याहून फसवा. १०,००० ग्रॅम म्हणजे एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत दहा किलो वाफ. जॅकेटचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं तर तासाला ६२५ ग्रॅम. चढावर चालताना माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो, म्हणून हा आकडा ऐकायला पुरेसा वाटतो. पण तो प्रयोगशाळेतला आहे. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या दमटपणातल्या फरकामुळे. पाऊस लागलेला असताना बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते, फरक उरत नाही आणि कापड कितीही भारी असलं तरी वेग मंदावतो. शिवाय मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत. कुणी कापड पेल्यावर ताणून पेला सरळ ठेवतं, कुणी उलटा. एकाच कापडाचे दोन पद्धतींनी दोन आकडे येतात, तेव्हा दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. ‘आरईटी’ नावाचा आकडा दिला असेल तर तो धरावा. तो वाफेला होणारा अडथळा मोजतो, म्हणून तो जितका कमी तितकं बरं. सहाच्या खाली उत्तम, बाराच्या आसपास चांगलं, वीसच्या वर गेला तर चढावर आत वाफाळेल.

खरी मदत होते ती मोकळ्या हवेची. दोन्ही बाजूंनी उघडणारी पुढची चेन, काखेतल्या चेन, आतून जाळी लावलेले खिसे. अशी चेन खालून वीस सेंटिमीटर उघडली की बांध ओलांडताना गुडघा मोकळा होतो आणि पोटाकडची वाफही सुटते.

दोन थर की तीन

वाफ सोडणारा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, बाहेरच्या कापडाला चिकटवलेला असतो. विस्तारित पीटीएफईचा, म्हणजे ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकचा, गुणधर्म बॉब गोर यांच्या १९६९ सालच्या शोधातून पुढे आला आणि १९७६ साली त्याचं कापड कपड्यांसाठी बाजारात आलं. आज पॉलियुरेथेनचे आणि इतर पडदेही भरपूर आहेत. पडद्याच्या नावापेक्षा त्याच्या आतल्या बाजूला काय लावलंय हे बघणं जास्त उपयोगी.

दोन थरांच्या जॅकेटमध्ये पडद्याच्या आत सुटं अस्तर लोंबतं. नेमबाजीची बहुतेक जॅकेटं अशीच असतात. कापड मऊ पडतं, आवाज करत नाही, खिसे मोठे करता येतात. पण ती जड असतात, भिजल्यावर सुकायला वेळ घेतात, आणि काठाशी अस्तर बाहेरच्या कापडाला थेट शिवलेलं असेल तर तिथून पाणी चोखून वर घेतात. तासाभराच्या चालीनंतर अस्तर मांडीपासून कमरेपर्यंत ओलं झालेलं आढळतं आणि जॅकेट गळतंय असं वाटतं. कापडात काही बिघाड नसतो, काठावरून पाणी चढलेलं असतं. चांगल्या शिवणकामात अस्तर काठाच्या चार ते पाच सेंटिमीटर वरच संपतं आणि मध्ये पाणी न शोषणाऱ्या कापडाची पट्टी असते. दुकानात काठ उलटून हे आधी बघावं.

तीन थरांच्या जॅकेटमध्ये आतलं पातळ अस्तरही पडद्याला चिकटवलेलं असतं. हे हलकं, टिकाऊ, पटकन सुकणारं, आणि आतून सगळ्या शिवणी व त्यावरचा पाणी अडवणारा टेप डोळ्यांना दिसतो. तोटा एकच, काही कापडं चुरचुरतात. कानावर बंदुकीचा आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक मफ असतील तर त्यांचा माइक ही चुरचुर मोठी करून ऐकवतो आणि दिवसाच्या शेवटी डोकं उठतं. म्हणून तीन थरांचं घ्यायचं तर बाहेरचं कापड किंचित लवदार, घासलेल्या पोताचं बघावं. बाही कानाजवळ धरून कोपरात दुमडली की लगेच कळतं.

अडीच थरांची, आतून नुसता रंगासारखा मुलामा दिलेली जॅकेटं सॅकमध्ये आणीबाणीसाठी ठीक. बंदुकीचा पट्टा त्यांना वर्षभरात खाऊन टाकतो.

वजनाचं म्हणाल तर चालण्याची हलकी जॅकेटं ३५० ते ५०० ग्रॅमची असतात आणि अस्तर-खिशांनी भरलेला नेमबाजीचा कोट दीड किलोपर्यंत जातो. दोन्हीकडे वापरायचं तर ७०० ते ९०० ग्रॅमची मधली जागा धरावी, आणि त्यात कापूस किंवा फायबर भरलेलं नको. ऊब आत घातलेल्या फ्लीसमधून घ्यावी. भरलेलं जॅकेट चढावर काढावं लागतं, आणि पावसात ते काढलं की अंगावर वॉटरप्रूफच उरत नाही.

खांदा

इथे थोडा वेळ काढावा. दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला लावायचा मागचा भाग, जिथे टेकतो ती जागा तळहाताएवढी असते, आणि जॅकेट नेमबाजीला चालेल की नाही हे तिथेच ठरतं.

बंदूक वर येते तेव्हा दस्त्याचं रबर छातीच्या बाहेरच्या अंगाला घासत खांद्याच्या खळग्यात जातं. या वाटेत जे जे उंचवलेलं आहे ते त्याला अडवतं. छातीवरच्या खिशाची झडप, चेनचा लोंबता दांडा, वेल्क्रोचा कोपरा, बटण, हूडच्या नाडीचं प्लास्टिकचं कुलूप, काखेतल्या चेनचं वरचं टोक. रबर कापडाला धरून ठेवतं, घसरत नाही, त्यामुळे नुसती जाड शिवणही पुरते. एकदा अडकलं की दस्ता एक-दोन सेंटिमीटर खाली किंवा बाहेर, दंडावर बसतो. क्ले तर चुकतेच, शिवाय धक्का हाडावर बसतो आणि संध्याकाळी दंड काळानिळा होतो.

म्हणून नेमबाजीच्या जॅकेटला खांद्यावर गुळगुळीत कापडाचा किंवा स्वेडसारख्या कापडाचा तुकडा लावतात. मात्र तो कसा लावलाय हे महत्त्वाचं. वरून शिवलेला असेल तर त्या गोल शिवणीची प्रत्येक सुई मेम्ब्रेनला भोक पाडून गेलेली असते. आतून त्या पूर्ण गोलावर टेप मारलेला असला तर ठीक. नसला तर जॅकेटचा सर्वांत जास्त दाबला जाणारा भाग चाळणी झालेला असतो. तीन थरांच्या जॅकेटमध्ये हे उलटून सरळ दिसतं. सुटं अस्तर असेल तर बाहेरून आणि आतून अंगठा आणि बोट ठेवून ती रेघ चाचपावी, टेप असेल तर किंचित ताठ पट्टी लागते. चिकटवलेला, शिवणच नसलेला तुकडा सर्वांत चांगला. खऱ्या चामड्याचा तुकडा मी टाळेन. तो भिजला की जड होतो, वाळला की कडक, आणि चामडं असलेलं जॅकेट मशीनमध्ये धुण्याची पंचाईत होते.

मग खांद्याची मूळ शिवण. ती बरोबर माथ्यावर असेल तर बंदुकीचा पट्टा आणि सॅकचा पट्टा दोन्ही तिच्यावरच घासतात आणि आतला टेप सुटायला लागतो. शिवण माथ्यावरून पुढे किंवा मागे सरकवलेली, किंवा वर एकसंध कापडाचा पडदा टाकलेला असेल तर जॅकेट वर्षानुवर्षं टिकतं. शिवण पुढे आणली असेल तर ती दस्त्याखाली येत नाही ना, हेही बघून घ्यावं.

पाठीला बाहीच्या बाजूने दोन उभ्या चुण्या असाव्यात. हात पुढे गेला की त्या उघडतात आणि खाली आला की आतल्या इलॅस्टिकने मिटतात. चुण्या नसतील तर हात पुढे नेताना अख्खं जॅकेट वर ओढलं जातं, काठ कमरपट्ट्याच्या वर जातो, कॉलर मागून मानेत रुततो. डोंगरावर चढणाऱ्यांसाठी शिवलेल्या काही जॅकेटांत चुण्यांऐवजी काखेत चौकोनी जादा कापड घातलेलं असतं. तेही तितकंच चालतं, आणि सॅकखाली चुण्यांसारखं गोळा होत नाही.

अजून एक गोष्ट. जाड कपड्यांनी बंदूक लांब होते. खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये फ्लीस, स्वेटर आणि अस्तर मिळून एक-दीड सेंटिमीटर भरलं, तर उन्हाळ्यात बरोबर बसणारी बंदूक काखेत अडकते. दस्त्याला काढता येणाऱ्या चकत्या असतील तर थंडीत सहा मिलिमीटरची एक चकती काढली की काम होतं. नसतील तर जॅकेट पातळ हवं. पातळ, बिनभरावाचं जॅकेट घ्यायचं हे दुसरं कारण.

बाही, गळा, हूड

पावसात बंदूक वर धरली की नळीखालचा हात मनगट वर, कोपर खाली अशा अवस्थेत असतो. पाणी बोटांवरून मनगटावर आणि मनगटावरून सरळ बाहीत उतरतं. दहा-बारा क्लेंनंतर कोपर आतून ओला. चालणाऱ्याला हा त्रास फारसा होत नाही, कारण त्याचे हात खाली असतात. त्यामुळे चालण्याच्या जॅकेटचे कफ सैल असले तरी निभतं, इथे निभत नाही. बाहेर वेल्क्रोने आवळता येणारा कफ हवाच, आणि आत दुसरा कफ असेल तर तो निओप्रीनचा किंवा गुळगुळीत ताणणाऱ्या कापडाचा हवा. लोकरीसारखा विणलेला आतला कफ ऊबदार दिसतो, पण तो पाणी पितो आणि वातीसारखं वर चढवतो.

हात पुढे ताणल्यावर बाहीचं टोक मनगटाच्या हाडापर्यंत तरी पोचलं पाहिजे. हात खाली सोडल्यावर ते हाडाच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे असलं तर बरोबर. याहून लांब नको, ते बोटांत येतं.

नाड्यांबद्दल कळकळीने सांगतो. काठाच्या नाडीचा बाहेर लोंबणारा फास, बाहीच्या इलॅस्टिकचं सुटं टोक, चेनला बांधलेली दोरी, यांतलं काहीही ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे चापाभोवतीच्या कडीत, शिरू शकतं. धो धो पाऊस, ओले हात, बंदूक काखेत, आणि फास चापाला अडकलेला: हा प्रसंग येऊच नये. नाडीची टोकं खिशाच्या आत येतात अशी रचना असेल तर उत्तम. नसेल तर फास कापून टोकाला गाठ मारावी आणि उरलेली टोकं काठाच्या पन्हळीत सारावीत.

हूड चालताना लागतंच, जोराच्या पावसात त्याला पर्याय नाही. नेमबाजी करताना मात्र हूड डोक्यावर घेऊ नये. बाजूचं दिसत नाही, कानावर मफ नीट बसत नाहीत, शेजारी कोण पुढे आलंय ते कळत नाही. म्हणजे हूड काढता येणारं किंवा कॉलरमध्ये गुंडाळता येणारं हवं. मागे लोंबणारं हूड पावसाने भरतं, आणि नंतर डोक्यावर घेताना ते पाणी मानेत उतरतं. गुंडाळून कॉलरमध्ये ठेवलेलं हूड कॉलर जाड करतं, गाल दस्त्याला टेकण्याआधी जबडा कॉलरला टेकतो. म्हणून बटणांनी निघणारं हूड माझ्या दृष्टीने सर्वांत सोयीचं. चालायला लागताना लावा, बंदूक हाती घेताना काढा. नेमबाजीला चोच असलेली टोपी आणि उंच कॉलर पुरतात. कॉलरला आतून जाड फ्लीस असेल तर टोपीवरून ओघळलेलं पाणी ते शोषून मानेला गार ठेवतं. पातळ, लवकर सुकणारं अस्तर बरं.

खिसे

बारा बोअरच्या २५ काडतुसांचं खोकं साधारण एक किलोचं. दोन्ही खिशांत एकेक खोकं रिकामं केलं की जॅकेटवर दोन किलो लटकतात. सगळं ओझं मानेवर येतं, दोन्ही पुढचे पल्ले खाली ओढले जातात आणि दस्त्याची जागा हलते. कमरेशी आतून नाडी असेल तर ती आवळून हे ओझं नितंबावर घेता येतं. खिशाच्या वरच्या दोन कोपऱ्यांना दाट टाके किंवा धातूचे रिव्हेट हवेत. ते नसतील तर कापड आधी तिथेच फाटतं, आणि ती चीर मेम्ब्रेनपर्यंत जाते.

खिसा भात्यासारखा फुगणारा, तोंड ताठ राहणारं, झडप आत खोचून किंवा वर अडकवून ठेवता येणारी हवी. हातमोजे घातलेल्या हाताने न बघता दोन काडतुसं काढता आली पाहिजेत. तळाला पाणी निथळायला एक छोटं भोक हवं, नाहीतर उघड्या झडपेतून आलेल्या पावसाचं तळं होतं आणि काडतुसांची पितळी बुडं त्यात भिजत राहतात. हे भोक बाहेरच्या खिशाला असतं, जॅकेटच्या अंगाला नाही, त्यामुळे आत पाणी येत नाही. हेच खिसे भटकंतीत नकाशा, पाण्याची बाटली, कुत्र्याची दोरी असं काहीही घेतात. सॅकचा कंबरपट्टा मात्र त्यांच्यावर येतो, म्हणून लांब चालीसाठी छातीवर उभ्या चेनचा एक खिसा असावा. तो दस्त्याच्या विरुद्ध बाजूला असेल तरच. उजव्या खांद्याने नेम धरणाऱ्याला डाव्या छातीवरचा खिसा, डावखुऱ्याला उलट.

मेण लावलेल्या सुती कापडाच्या, म्हणजे मेणकापडाच्या कोटाबद्दल लोक नेहमी विचारतात. साऊथ शील्ड्सच्या बार्बर कंपनीने १८९४ पासून खलाशी आणि बंदरकामगारांसाठी तेललेली कापडं विकली, तीच परंपरा पुढे शेतावर आणि नेमबाजीत आली. काटेरी झुडपांत त्याला तोड नाही, आवाज करत नाही, फाटला तर ठिगळ लावून पुन्हा मेण चोळता येतं. पण तो वाफ फारशी सोडत नाही, साबणाने धुता येत नाही, वर्षातून एकदा गरम मेण चोळावं लागतं, आणि सॅकचे पट्टे जिथे घासतात तिथलं मेण महिन्याभरात उडून जातं. दिवसभर उभं राहायचं असेल तर घ्या, रोज दहा किलोमीटर चालायचं असेल तर नको. दाट विणीचं व्हेंटाइल नावाचं सुती कापड ही एक देखणी मधली वाट आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये वैमानिकांसाठी ते तयार झालं. भिजल्यावर त्याचे धागे फुगतात आणि वीण बंद होते. मऊ आणि मूक, पण भिजल्यावर ताठ आणि जड, आणि तासन्‌तासच्या पावसात एक पदरी कापड शेवटी ओलावतंच.

रंगावर फार वेळ घालवू नये. नेमबाजीच्या ठिकाणी हिरवट-तपकिरी चालतो, चालताना धुक्यात कुणाला दिसायला हवं तर सॅकला भडक केशरी आवरण घाला. ते लगेच काढता येतं.

घेण्याआधी आणि घेतल्यावर

दुकानात जाताना आत घालायचं फ्लीस अंगात असू द्या. चेन पूर्ण लावा, कफ आवळा. छत्री किंवा काठी बंदुकीसारखी धरून डोळे मिटा आणि दहा वेळा खांद्याला लावा. दहात एकदाही टोक अडकलं तर ते जॅकेट ठेवून द्या, पावसात ते तीनदा अडकेल. हात तसाच ठेवून कमरेतून पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळा, क्लेच्या मागे वळल्यासारखं. मग दोन्ही हात डोक्यावर, काठ कमरपट्ट्याच्या वर जाता कामा नये. एक पाय खुर्चीवर ठेवून वर चढा. शेवटी खिशांत प्रत्येकी किलोभर वजन टाकून हेच सगळं पुन्हा.

घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत, शॉवरखाली उभं राहा. आत राखाडी सुती बनियन घाला, त्यावर ओला डाग लगेच गडद दिसतो. दहा मिनिटं उभं राहायचं, त्यातला निदान एक मिनिट झाडूचा दांडा नेम धरल्यासारखा वर धरून. बाहेर येऊन डाग कुठे आहे ते बघा. मनगटापासून वर चढलेला डाग म्हणजे कफ. गळ्याखाली मध्यावर उभा डाग म्हणजे चेन, तिच्यावर किंवा आत पाण्याला अडवणारी झडप कमी पडते. खांद्यावर गोल डाग म्हणजे दस्त्याच्या तुकड्याची शिवण. पहिला दोष आवळून सुटतो, दुसऱ्या-तिसऱ्यासाठी जॅकेट परत करा.

पुढे कधीतरी बाहेरचं कापड पाण्याचे थेंब ढकलायचं सोडून देईल आणि गडद, ओलं दिसायला लागेल. बहुतेक लोक इथे समजतात की जॅकेट गेलं. मेम्ब्रेन शाबूत असतो. वरच्या कापडाला दिलेला पाणी झटकणारा लेप झोपलेला असतो. ओल्या कापडातून वाफ बाहेर पडत नाही, ती आतच पाणी होते, आणि अंग गार पडून जॅकेट गळल्यासारखं वाटतं.

नेमबाजांच्या बाबतीत या लेपाचा शत्रू ठरलेला आहे, बंदुकीचं तेल. बोटांना, दस्त्याजवळ आणि चापाजवळ लागलेलं तेल कफावर, खांद्यावर, खिशाच्या तोंडावर उतरतं. जुने फ्लोरीनयुक्त लेप तेल आणि पाणी दोन्ही झटकत. आता आरोग्याच्या आणि पर्यावरणाच्या कारणाने ते मागे पडताहेत. फ्रान्सने जानेवारी २०२६ पासून कपड्यांत ही रसायनं बंद केली, कॅलिफोर्नियात २०२५ पासून बंदी आली आणि अतिवृष्टीच्या कपड्यांना २०२८ पर्यंत सवलत मिळाली. फ्लोरीनविरहित नवे लेप पाण्याला चांगले आहेत, तेलापुढे मात्र टिकत नाहीत. कफावर तेलाचा डाग पडला की तिथे पाणी शिरायला लागतं. म्हणून बंदुकीला तेल द्यायचं ते जॅकेट काढून, जादा तेल कापडाने पूर्ण टिपून, हात धुऊन.

पाण्याचे थेंब घरंगळेनासे झाले की आधी धुवा, नवा लेप लगेच फवारू नका. वेल्क्रो आणि चेन बंद करायच्या, खिसे रिकामे करायचे, त्यांतली वाळू आणि काडतुसांचा भुसा झटकायचा. मशीनच्या ड्रॉवरमध्ये नेहमीच्या पावडरीचा थर असतो, तो धुऊन घ्यायचा, कारण पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर पाण्याला उलट कापडाकडे ओढतात. मेम्ब्रेनच्या कपड्यांसाठीचं द्रव साबण, लेबलावरचं तापमान, दोनदा खळबळणं, पिळण्याचा वेग कमी. मग ड्रायर मंद आचेवर वीस मिनिटं. ड्रायर नसेल तर वर सुती कापड टाकून कोमट इस्त्री, वाफ बंद. उष्णतेने लेपाचे रेणू पुन्हा उभे राहतात. आता बाहीवर चमचाभर पाणी टाका. थेंब गोल होऊन घरंगळले तर झालं. पसरून गडद डाग पडला तरच नवा लेप द्या, आणि तोही फवाऱ्याने बाहेरच्या बाजूला. मशीनमध्ये घालायचा लेप अस्तरालाही लागतो आणि मग अस्तर घाम शोषत नाही.

ओलं जॅकेट गाडीच्या डिकीत किंवा पिशवीत दोन दिवस कोंबून ठेवू नका. दमट जागेत पॉलियुरेथेनचा मुलामा हळूहळू कुजतो, आतून चिकट होतो, मग कोंड्यासारखे पापुद्रे सुटायला लागतात. तिथून परत फिरायला वाट नाही. कोणतंही धुणं, कोणताही लेप ते जोडत नाही. रुंद हँगरवर, चेन उघडी, खिसे बाहेर ओढून, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या आणि काडतुसं त्याआधीच काढून ठेवा.